वर्ध्याचा पाचोळा

फाल्गुन लागला की वर्धा जिल्ह्यात झाडाखालची जमीन दिसेनाशी होते. बोर धरणाकडच्या जंगलात सागाची रुंद पानं आधीच पडलेली असतात, मग पिंपळ झडतो, मग कडुनिंब. सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी १९३६ साली लावलेला पिंपळ आहे, तोही या दिवसांत आवार भरून टाकतो. सकाळी लख्ख झाडलेलं अंगण दुपारच्या वाऱ्यानं पुन्हा पानांखाली जातं आणि चैत्राची पालवी फुटेपर्यंत झाडणाऱ्याच्या हाताला उसंत मिळत नाही.

या पानांची एक ठरलेली वाट होती. अंगणातून उकिरड्यात, उकिरड्यातून बंडीत, बंडीतून वावरात. गेल्या काही वर्षांत त्या वाटेवर पेट्रोलचं इंजिन, म्हणजे पानं उडवायचा ब्लोअर, येऊन उभं राहिलं आहे. आधी ते डांबरीकरणाच्या कामावर दिसलं. डांबर टाकण्याआधी रस्त्यावरची धूळ उडवायला ठेकेदाराची माणसं ते पाठीवर घेऊन फिरायची. मग लग्नाच्या लॉनवर आलं, मग बागेच्या ठेकेदारांकडे, आणि आता आमच्यासारख्या लेआउटच्या गल्ल्यांमध्ये सकाळी साडेसहाला त्याचा आवाज सुरू होतो. मी कृषी खात्यात कृषी सहायक म्हणून नोकरी केली. लोकांना खताचे खड्डे आणि टाकी भरायला शिकवण्यात माझी वर्षं गेली. त्यामुळे या यंत्राकडे मला आवाजाचा त्रास होणारा शेजारी म्हणून फक्त पाहता येत नाही. या जिल्ह्यात पाचोळ्याला एक इतिहास आहे आणि तो मोठा आहे.

माझं गाव सेलू तालुक्यात. घरात झाडण्याची साधनं जागेप्रमाणे वेगळी असत. घरात शिंदीच्या पानांचा फडा. अंगणात त्याहून जाड. गोठ्यात आणि खळ्यात तुराटीचा खराटा, म्हणजे तूर काढून झाल्यावर उरलेल्या काड्यांची जुडी. फडे करून देणारी मातंग समाजाची घरं गावाच्या कडेला होती. शिंदीची पानं आणायची, चिरायची, वाळवायची, वळून बांधायची, हे सगळं काम त्यांच्या अंगणात चाले. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवा फडा घरात यायचा, त्याला हळदकुंकू लागायचं, आणि जिनं तो बांधला ती बाई मात्र आमच्या ओसरीच्या पायरीखालीच थांबायची. मी शाळेत जायला लागल्यावर हे मला खटकायला लागलं आणि अजूनही ते आठवलं की मान खाली जाते. खराट्याचा इतिहास सांगताना ही पायरी वगळून सांगणं खोटं होईल.

माय सकाळी झाडायची तेव्हा आधी तांब्यातलं पाणी हातानं शिंपडायची. मग वाकून, खराटा जमिनीला जवळजवळ आडवा धरून, पानं आपल्याकडे ओढत जायची. झाडून झालं की शेणाचा सडा. विदर्भातल्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा, काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक होते. ती उडू नये म्हणून पाणी आधी. पाणी, मग खराटा, मग सडा हा क्रम कुणी शास्त्र म्हणून शिकवला नव्हता, पण त्यात धूळ जमिनीवरच ठेवण्याची पक्की समज होती. उडालेली धूळ घरातल्याच कुणाच्या तरी छातीत जाते, हे ज्या घरात दम्याचं म्हातारं माणूस असतं तिथं सांगावं लागत नाही.

गोळा झालेला पाचोळा उकिरड्यात पडे. त्यावर शेण, मूत मुरलेली माती, राख, जनावरांनी उष्टं टाकलेलं कुटार. उन्हाळ्याच्या शेवटी, मृग लागण्याआधी, हे खत बंडीनं वावरात नेऊन ढीग घालायचे आणि पसरवायचे. ज्याच्या वावरात बंड्या जास्त जातील त्याची पऱ्हाटी उंच. कापसाच्या या मुलखात पानाची किंमत अशी मोजली जात होती. तरीही उकिरड्यात दोष होते. तो उघडा असे, उन्हानं सुकून जाई, पावसात सत्त्व वाहून जाई आणि माशा होत. म्हणजे वाट बरोबर होती, रीत सुधारायला हवी होती.

ती सुधारण्याचं काम गेल्या शतकात याच जिल्ह्यात झालं. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी आपली बाग त्यासाठी दिली. मगनलाल गांधींच्या नावानं ती मगनवाडी झाली. १९३५ च्या सुरुवातीला गांधीजी तिथं राहायला आले आणि जवळच्या सिंदी गावात (सिंदी रेल्वे नव्हे, मगनवाडीलगतचं सिंदी) सफाईचं काम सुरू झालं. महादेवभाई देसाई, मीराबेन आणि इतर कार्यकर्ते बादल्या, फावडी, झाडू घेऊन सकाळी जायचे. रस्त्यावरचा मैला आणि कचरा उचलून खड्ड्यात आणायचे. गावकरी पाहत राहायचे. पुढे मीराबेन त्या गावातच राहायला गेल्या.

या प्रसंगाकडे बहुतेक लोक त्यागाची गोष्ट म्हणून पाहतात. मला त्यातला खड्डा महत्त्वाचा वाटतो. मैला आणि कचरा गावाबाहेर नेऊन टाकून देणं हा गांधीजींचा आग्रह नव्हता. डॉक्टर पूर यांच्या लिखाणाचा हवाला देऊन ते सांगत की जमिनीचा वरचा नऊ ते बारा इंचांचा थर जिवंत असतो. घाण खोल पुरली तर ती कुजत पडून राहते, उथळ चरात मातीखाली झाकली तर तिचं खत होतं. म्हणजे सफाई खड्ड्यापाशी संपत नाही, ती वावरात संपते. एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी ते इंदूरला गेले तेव्हा तिथल्या संस्थेतली खत करण्याची पद्धत त्यांनी पाहिली. ही संस्था आल्बर्ट हॉवर्ड यांनी उभी केली होती आणि १९३१ साली त्यांनी ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हे पुस्तक लिहिलं, त्याचे सहलेखक होते यशवंत वाड. आमच्या प्रशिक्षणात हॉवर्डांचं नाव आलं, वाडांचं आलं नाही, म्हणून ते इथं मुद्दाम लिहितो. पाचोळा, काडीकचरा, शेण, मुताची माती, राख आणि पाणी यांचे थर देऊन, वेळोवेळी उलटून तीन महिन्यांत खत करायचं, ही ती इंदूर पद्धत. थराला हवा आणि ओल दोन्ही मिळाली पाहिजेत, एवढं तिचं मर्म.

३० एप्रिल १९३६ ला गांधीजी शेगावला गेले. तेच पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झालं, कारण त्यांचं टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागलं होतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम सुरू झाली. सेवाग्रामच्या शाळेत आर्यनायकम् आणि आशादेवींच्या देखरेखीत सफाई हा शिक्षणाचाच भाग होता. मुलं दिवसाची सुरुवात सफाईनं करायची, खताचा खड्डा भरायची आणि त्याच खतावर भाजीचे वाफे करायची. पान झाडताना जीवशास्त्र, खड्डा मोजताना गणित. आमच्या खात्यातले एक जुने पर्यवेक्षक सांगायचे की खड्डा भरायला शिकवणं सोपं असतं, खड्ड्यात काय घालू नये ते शिकवणं अवघड. मुलांना ते लहानपणीच कळलं तर पुढे कुठल्याच खात्याला सांगावं लागणार नाही.

सुरगावची गोष्ट मात्र जरा थांबून सांगितली पाहिजे. पवनारच्या परंधाम आश्रमापासून सुरगाव काही मैलांवर आहे. १९४६ पासून विनोबा रोज सकाळी खांद्यावर फावडं घेऊन तिथं चालत जायचे आणि गावातला मैला उचलायचे. सूर्य जसा रोज उगवतो तसं आपणही न चुकता जायचं, असा त्यांचा नेम होता आणि वीस वर्षं हे काम करायची त्यांची तयारी होती. पावसाळ्यात वाटेतला ओढा एकदा पुरानं भरून वाहत होता. विनोबा अलीकडच्या काठावर उभे राहिले, पलीकडच्या माणसाला हाक मारली आणि गावाचा भंगी येऊन गेला एवढं मंदिरातल्या देवाला सांग म्हणून निरोप दिला. मग परत फिरले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांना देशभर जावं लागलं आणि सुरगावचं काम थांबलं. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत पवनारला परतल्यावरही ते आश्रमाच्या आवारातली पानं आणि काड्या स्वतः वेचत असत. त्यांना तो जप वाटे.

इकडे वऱ्हाडात गाडगेबाबा होतेच. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मलेला हा माणूस गावात आला की आधी खराटा हातात घ्यायचा आणि गाव झाडून झाल्यावर रात्री कीर्तनाला उभा राहायचा. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला अख्खा अध्याय आहे. आमच्या भागातल्या भजनी मंडळांना तो पाठ असतो.

आता दुसरी बाजू, आणि ती तितक्याच जोरानं सांगायला हवी. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं यावर पुस्तक लिहिलं. घाणीचं काम पवित्र आहे असं ज्यांच्या गळ्यात ते जन्मानं पडलं आहे त्यांनाच सांगणं ही क्रूरता आहे, हा त्यातला त्यांचा आक्षेप. विनोबांनी फावडं उचललं तेव्हा ते केव्हाही खाली ठेवू शकत होते. गावातल्या झाडणाऱ्या बाईला ती मोकळीक नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि वर्धा जिल्ह्यातल्या असंख्य घरांनी पिढीजात कामं सोडली, मुलांना शाळेत घातलं. माझ्याबरोबर खात्यात लागलेल्या मित्रांपैकी काहींचे वडील त्या पिढीतले. त्यांच्यापैकी एकानं मला स्पष्ट विचारलं होतं, तुम्ही खराट्याचं कौतुक करता, पण तो कुणाच्या हातात राहावा असं तुम्हाला वाटतं? हा प्रश्न मी टाळू शकत नाही. कारण ब्लोअरच्या बाजूनं सर्वांत वजनदार युक्तिवाद हाच आहे की यंत्र आलं म्हणजे वाकून झाडणं संपेल, माणूस ताठ उभा राहील.

तसं झालं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. कंबर वाचवणारं प्रत्येक साधन मला हवं आहे. लांब दांड्याचा खराटा, लोखंडी दाताळं, चाकांची ढकलगाडी, पानं ओढायची ताडपत्री, हे सगळं झाडणाऱ्याला मिळायलाच हवं आणि ते स्वस्तही आहे. पण पाठीवरच्या या इंजिनानं त्याला काय दिलं ते पाहिलं पाहिजे.

हे यंत्र आपल्या शेतकऱ्याला अनोळखी नाही. कापसावर फवारणी करायचा पाठीवरचा पेट्रोल पंप त्याचा सख्खा भाऊ आहे. तेच लहान टू-स्ट्रोक इंजिन, तोच पंखा, तीच नळी. पंपात वाऱ्याबरोबर औषध जातं, ब्लोअरमध्ये नुसता वारा. पाठीवरच्या या पंपांनी काय होऊ शकतं ते शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यानं २०१७ मध्ये दाखवलं. त्या हंगामात पऱ्हाटी डोक्याएवढी झाली होती, औषधं तीव्र होती, जोरदार फवारा मारणारे नवे पंप आले होते आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले. दोष मुख्यतः औषधाचा, हे खरं. पण त्या दिवसांत गावोगाव मोहिमेवर फिरताना मी एक गोष्ट सगळीकडे पाहिली. यंत्र नवं आलं की ते चालवणाऱ्याला मास्क, हातमोजे, गॉगल हे सगळं नंतर कधीतरी मिळतं, बहुतेक वेळा मिळतच नाही.

पानं उडवायचा ब्लोअर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी इंजिनिअरांनी बनवला. अमेरिकेत तो पसरला त्याचं एक कारण दुष्काळ होतं. कॅलिफोर्नियात पाण्यानं फरशा आणि वाटा धुवायला बंदी आली, तेव्हा लोकांनी वारा वापरायला सुरुवात केली. आमच्याकडे पाणी शिंपडून धूळ बसवत, तिथं पाणी वाचवायला धूळ उडवू लागले. पण लोकांना त्रास लगेच कळला. कार्मेल गावानं १९७५ मध्येच बंदी घातली, बेव्हर्ली हिल्सनं १९७८ मध्ये. वॉशिंग्टन शहरात १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलचे ब्लोअर वापरता येत नाहीत. कॅलिफोर्नियानं २०२१ साली कायदा केला आणि २०२४ पासून अशा लहान इंजिनांची नवी विक्री बंद केली.

या इतिहासातलं एक पान मला फार जवळचं वाटतं. लॉस एंजेलिसमध्ये घरांपासून ५०० फुटांच्या आत पेट्रोलचा ब्लोअर चालवायला बंदी आली तेव्हा जानेवारी १९९८ मध्ये तिथल्या माळ्यांनी सिटी हॉलपाशी उपोषण केलं. बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले मजूर. ज्यांच्या बंगल्यांची पानं ते झाडत होते तेच आवाजाची तक्रार करत होते, आणि तेच मजुरी वाढवायला तयार नव्हते. दोन तासांचं काम एका तासात करायला लावून त्याच पैशांत आणखी तीन बंगले करायला लावायचे, आणि मग यंत्र काढून घ्यायचं. उपोषणाचा अर्थ सेवाग्रामच्या लोकांना समजवायला नको. बंदी योग्य होती, आणि माळ्यांचा रागही योग्य होता. आपल्याकडे या विषयावर कुणी बोलेल तेव्हा या दोन्ही गोष्टी एकत्र बोलाव्यात.

टू-स्ट्रोक म्हणजे काय ते माझ्या पिढीला ठाऊक आहे. स्कूटर पेट्रोल पंपावर नेली की मुलगा पेट्रोलबरोबर ऑइल मिसळून द्यायचा आणि सुरू करताच मागून निळसर धूर यायचा. या इंजिनात वंगणाची वेगळी सोय नसते, तेल इंधनातच जळतं. शिवाय नवं इंधन आत येणं आणि जळालेला धूर बाहेर जाणं एकाच वेळी चालतं, त्यामुळे इंधनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा न जळताच बाहेर पडतो. त्यात बेन्झीनसारखी घातक द्रव्यं असतात. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळानं हिशेब मांडला आहे: असा ब्लोअर तासभर चालवला तर धुरकं तयार करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं नव्या कारनं सुमारे १,७७० किलोमीटर गेल्यावर होतं. वर्ध्याहून निघून दिल्ली गाठावी आणि परतताना झाशी ओलांडावी, इतकं ते अंतर. धुराचे नियम कडक झाले तशा टू-स्ट्रोक स्कूटरी रस्त्यावरून गेल्या. दुचाकीला पीयूसी लागतं. पाठीवरच्या ब्लोअरला रस्त्यात अडवून कुणी काही विचारत नाही. आणि दुचाकीचा धूर मागे राहतो तरी, ब्लोअरचा धूर चालवणाऱ्याच्या मानेशी असतो.

धुळीचं गणित वेगळंच आहे. नळीतून निघणारा वारा ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. पान उडायला एवढा वारा लागत नाही. जास्तीचा वारा जमिनीवरचा सगळा थर उचलतो. त्यात वाळलेली कुत्र्या-डुकरांची विष्ठा, थुंकी, बुरशी, गाजरगवताचे परागकण, टायरची झीज आणि गेल्या हंगामात फवारलेल्या औषधांचे अंश असतात. माय ज्यासाठी पाणी शिंपडायची तेच सारं हे यंत्र नाकाच्या उंचीवर आणतं. जवळच्या घरातली खिडकी, कट्ट्यावरचं वाळवण, शाळेच्या ऑटोत बसलेली पोरं, कुणालाच ते सोडत नाही.

आवाजाबद्दल नियम आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ ही मर्यादा. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता पट्टा आणि तिथं दिवसा ५०, रात्री ४०. डेसिबलमध्ये दहाची वाढ म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट. ब्लोअर चालवणाऱ्याच्या कानाशी हा आकडा ९० च्या वर जातो, आणि आवाजातला खालचा, घुमणारा भाग भिंतीतूनही आत येतो, त्यामुळे दार लावून उपयोग होत नाही. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, वर्ध्यातले दवाखाने, शिकवणीचे वर्ग, सगळं वस्तीत मिसळलेलं आहे. आमच्या लेआउटमधल्या एका घरात पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत. इंजिन सुरू झालं की त्यांचा हात चादरीची कड घट्ट धरतो. त्यांना बोलता येत नाही. त्यांची सून मला म्हणाली, काका, तुम्ही सगळ्यांना सांगा, मी सांगितलं तर भांडण वाटेल.

मग मी चालवणाऱ्यालाच विचारलं. ठेकेदाराकडे रोजंदारीवर येणारा, पस्तिशीचा माणूस. त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत: “भाऊ, मशीन उतरवलं तरी कानात घुं-घुं चालूच राह्यते. रात्री हाताले मुंग्या येते. पण खराट्यानं झाडा म्हटलं तर आता तीन माणसाचं काम एकट्याले सांगते, ते कसं होईन?” त्याच्याबरोबर आधी दोन बाया झाडायला येत. यंत्र आल्यावर त्यांचं काम बंद झालं. वाकणं संपलं ते असं. दोघींचा रोज गेला आणि तिसऱ्याच्या पाठीवर दहा किलोचं तापलेलं इंजिन आलं. मित्रानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर या यंत्रानं दिलेलं नाही. पाठीवर घेणारा माणूस त्याच घरांतून येतो जिथून पूर्वी खराटा धरणारा यायचा.

आणि पानं जातात कुठे? आमच्या गल्लीतून पुढच्या गल्लीत, पुढच्या गल्लीतून नाल्यात, नाहीतर कोपऱ्यात ढीग करून पेटवली जातात. पेटवण्याची ही सवय ब्लोअरपेक्षा जुनी आहे आणि तिचं नुकसान अधिक पसरलेलं आहे, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर कचरा जाळायला मनाई केली आणि बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायला सांगितला. ब्लोअरनं एवढंच केलं की ढीग पटकन होऊ लागले, म्हणून काडीही पटकन लागू लागली.

खरं तर या भागात पानाचं मोल पुन्हा पुन्हा सिद्ध झालेलं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना सगळे नाडेपकाका म्हणत, त्यांनी विटांची जाळीदार टाकी शोधून काढली. माझ्या नोकरीतलं सर्वांत समाधानाचं काम म्हणजे या टाक्या. आतून दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतीत मुद्दाम भोकं ठेवायची म्हणजे हवा खेळते. टाकी एकदा भरायला पाचोळा आणि काडीकचरा १,४०० ते १,५०० किलो लागतो, शेण फक्त ९० ते १०० किलो, चाळलेली माती सुमारे १,७५० किलो आणि मुबलक पाणी. वरून शेणमातीनं लिंपायची, भेगा पडल्या की बुजवायच्या, तीन-चार महिन्यांत तीन टनांच्या आसपास खत. ज्या मुलखात जनावरं कमी होत चालली, शेण मिळेनासं झालं, तिथं शेणाच्या पंधरापट पाचोळा वापरणारी ही पद्धत म्हणजे मोठी देणगी आहे. अमरावतीच्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर आपल्या शेतीपद्धतीत आच्छादनाला जिवामृताइतकंच स्थान देतात. काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते. पानांचा थर असेल तिथं ती ओल धरते, गांडूळ वर येतं. पान उडवून नेलं की पहिल्या पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटतो आणि वरचा थर घेऊन जातो. सेवाग्रामात नऊ ते बारा इंचांच्या जिवंत थराबद्दल जे सांगितलं जाई, तो हाच थर.

आमच्या लेआउटमध्ये खेळाच्या मैदानाच्या कडेला रिकामी जागा आहे, कडुनिंबांच्या ओळीखाली. तिथं नाडेपच्या मापाची टाकी बांधायला विटा मिळाल्या आहेत, घरटी वर्गणी ठरली आहे. मोठा वाद मजुरीवर झाला. काहींचं म्हणणं, ठेकेदार यंत्रानं स्वस्तात करतो, मग जास्त का द्यायचे. मी म्हटलं, त्या स्वस्ताईतला फरक ज्या दोन बाया घरी बसल्या त्यांनी भरला आहे, आणि बाकी आजींनी. दोन बैठकांनंतर ठरलं ते असं: पेट्रोलचं यंत्र लेआउटमध्ये आणायचं नाही. झाडायला तिघांना बोलवायचं, त्या दोघींना आधी विचारायचं, आणि रोज पूर्वीपेक्षा वाढवून द्यायचा. लांब दांड्याचे खराटे, दाताळी, ढकलगाडी, मास्क आणि हातमोजे लेआउटच्या खर्चानं. काम आठ वाजल्यानंतर, उन्हाळ्यात पाणी शिंपडून. टाकीतलं खत निघालं की एक तृतीयांश झाडणाऱ्यांचं, त्यांना विकायचं असेल तर विकोत, कुंड्यांसाठी नागपूरचे लोकही घेतात.

एका बाईनं यायला होकार दिला. दुसरीनं नाही दिला. तिची मुलगी नर्सिंगला लागली आहे आणि आईनं आता खराटा धरायचा नाही असं तिनं सांगितलं. तिच्या जागी कोण येईल ते अजून ठरायचं आहे. तोपर्यंत शनिवारी सकाळी आमच्या घरांतली माणसं पाळीनं झाडणार आहेत. पहिल्या पाळीत माझं नाव आहे, माझ्या दोन्ही शेजाऱ्यांचं आहे, आणि आजींच्या सुनेनं स्वतःहून घातलेलं आहे.